गच्चीवरचा राब

आमच्याकडे बागेची सुरुवात हौसेने झाली नाही, तक्रारीने झाली. इमारतीच्या आवारात सोसायटीने हिरवळ लावली होती, कार्पेट का काय म्हणतात ती, आणि कडेने लाल-पिवळ्या पानांची शोभेची झाडं. एका सकाळी माझे वडील खाली उतरले, लुंगी वर खोचून उकिडवे बसले आणि दुपारपर्यंत सगळी हिरवळ मुळासकट उपटून तिचा ढीग घातला. वर वॉचमनलाच दम दिला, "कवरं गवत माजलंय! बेणणी कोण करनार, तुजा बाप?" वॉचमन बिहारचा. भातातलं गवत काढण्याला बेणणी म्हणतात हे त्याला काय ठाऊक? त्याने सेक्रेटरींना फोन लावला.

आता यात बाबांचं काय चुकलं, तुम्हीच सांगा. मानपाड्याच्या ज्या तुकड्यावर ही इमारत उभी आहे, तिथं आमचंच भाताचं शेत होतं. बिल्डरला जमीन दिली, बदल्यात फ्लॅट आले, आणि आई गेल्यानंतर बाबांच्या डोक्यातली अलीकडची वर्षं पुसली जायला लागली. जमीन दिल्याचं पुसलं गेलं, आई गेल्याचं पुसलं गेलं, शेत तेवढं राहिलं. ठाण्याच्या डॉक्टरांनी आजाराचं लांबलचक नाव सांगितलं आणि म्हणाले, "हे मागे फिरत नाही ताई, पुढेच जातं." मग गोळ्या कशाला लिहून देता, असं मी विचारलेलं. त्यांनी चिठ्ठी पुढे सरकवली.

हिरवळीच्या दुसऱ्या दिवशी माझा भाऊ ठाण्याहून आला. तो वाईट नाही, हे आधीच सांगते, नाहीतर तुम्ही त्याच्या नावाने बोटं मोडाल. बाबा दोनदा हरवले तेव्हा रिक्षास्टँड पालथे घालणारा तोच होता. तो म्हणाला, बदलापूरच्या पुढे अशा म्हाताऱ्यांसाठी एक केंद्र आहे, तिथं ठेवू. मी त्याला वाट्टेल ते बोलले. म्हटलं, आपल्याच शेतावरून आपल्याच बापाला हाकलतोस? लाज नाही वाटत? मी विधवा, मूलबाळ नाही, कोर्टातली कारकुनी बाबांसाठीच लवकर सोडलेली. मला दुसरं काम काय होतं? शेवटी तो वैतागून म्हणाला, "पुढच्या पावसाळ्यापर्यंत बघू. तोवर एक जरी तक्रार आली ना, तर मी तुझं ऐकणार नाही." मी म्हटलं, चालेल.

म्हटलं खरं, पण माणसाला दिवसभर कुठं गुंतवून ठेवायचं? टीव्हीसमोर बसवलं की ते उठून दाराची कडी काढायचे. डॉक्टर म्हणालेले, हातांना जे येतं ते करू द्या, हात सगळ्यात शेवटी विसरतात. त्यांच्या हातांना शेती सोडून काय येत होतं? आम्ही वरच्या मजल्यावर, गच्ची आमच्याच डोक्यावर. मी सेक्रेटरींकडे गेले. ते आमच्या समोरच्याच दारात राहतात, कोकणातले, पापभीरू माणूस. म्हणाले, "जमीन तुमचीच होती, ताई. गच्चीचा मागचा भाग वापरा. गळती नको आणि कोणाला त्रास नको, एवढंच बघा." मला रडू आलेलं. रागात बोलायची सवय असली की कोणी नीट बोललं तरी पंचाईत होते.

आता गंमत बघा. शेतकऱ्याची पोर मी, पण आयुष्यात कधी एक मेथीचा दाणा पेरलेला नाही. बाबांनीच लहानपणी चिखलात पाऊल टाकू दिलं नाही, शीक म्हणाले. मग मी मोबाइलवर शिकायला बसले. मोबाइलवर एक बाई आहे, गोरीपान, नखं रंगवलेली, मागे बंगल्याची बाग. ती म्हणायची, गच्चीवर वर्षभर ताजी भाजी, अगदी सोप्पं! उंटावरून शेळ्या हाकायला काय जातं? मी तिचं ऐकून नारळाच्या भुशाच्या विटा आणल्या, पाण्यात फुगवल्या आणि ड्रम अर्धे कापून त्यात भरल्या. बाबांनी मूठभर भुसा हातात घेतला, हुंगला आणि ड्रममध्ये टाकून दिला. "ही काय माती हाय? यान मेलेला मानूस पन उगवनार नाय."

पहिले दोन महिने तसंच झालं, काही उगवलं नाही. उगवलं ते वाकडं होऊन सूर्याकडे पळालं, कारण ड्रम मी पाण्याच्या टाकीच्या सावलीत ठेवलेले, सोयीचे म्हणून. पालक तेवढा आला, तो मी सगळा एकाच दिवशी पेरलेला, म्हणून सगळा एकाच आठवड्यात तयार झाला. आम्ही पालक खाल्ला, शेजाऱ्यांना वाटला, पुन्हा खाल्ला, आणि नंतर महिनाभर ड्रम रिकामे. मी ड्रमला लाथ मारलेली आठवतेय. पायच दुखला.

मग मी अक्कल वापरली. खडू घेऊन गच्चीवर सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी सावलीच्या कडा आखल्या. कुठं ऊन दिवसभर राहतं, कुठं अर्धा दिवस, ते फरशीवर दिसायला लागलं. जड ड्रम बीमच्या वर, भिंतीला लागून. मधल्या स्लॅबवर हलकं काहीतरी हवं होतं, म्हणून मासळीबाजारातून बर्फाचे थर्माकोलचे रिकामे डबे आणले. आम्हा आगरी माणसांना मासळीबाजारात कोण नाही म्हणतं? वांगी आणि टोमॅटो भरपूर उन्हात, पालेभाज्या टाकीच्या बाजूला, वेल कठड्याशी काठ्यांवर. मुळा, लाल माठ आणि मेथी आठ-आठ दिवसांनी थोडी थोडी पेरायची, म्हणजे एक संपते तोवर दुसरी येते. हे सगळं कोणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, पण सांगणारा माझ्याशेजारीच बसलेला होता आणि त्याला माझं नावही रोज आठवत नव्हतं.

मातीचं काम देवानेच केलं म्हणायचं. मागच्या गल्लीत नव्या टॉवरचा पाया खणत होते. तिथली काळी माती मी ट्रकवाल्याकडून मागून गोणीत आणली आणि गच्चीवर ओतली. बाबा खुर्चीतून उठले. ढेकूळ हातात घेतलं, बोटांनी फोडलं, थोडं जिभेला लावलं. "ही आपल्या खालच्या खाचराची," ते म्हणाले. खरंच होतं ते. टॉवर आमच्या खालच्या भातखाचरातच होत होता. त्या दिवसापासून बाग त्यांची झाली आणि मी त्यांची मजूर.

काय सांगू तुम्हाला, तो हिवाळा! बाबा सकाळी उठून स्वतः चप्पल शोधायचे. मला ओळखायचे नाहीत तेव्हाही कामाला लावायचे, "ए बाय, ते रोप जरा खाली दाब." मासे धुतलेलं पाणी वांग्याला घालायचं, चुलीची राख नाही तर उदबत्तीची राख भेंडीवर टाकायची, वालाचे लाड करायचे नाहीत, पाणी तोडायचं. असं तोडायचं की मला वाटायचं आता मेलाच तो वाल, आणि नेमका तेव्हा तो फुलायचा. माशांच्या पाण्याचा वास येतो म्हणून सेक्रेटरींच्या बायकोने नाक मुरडलं, तर मी तिला सांगितलं, पिठलं-भाकरीला वांगं हवं ना, मग नाक दाबा. दुसऱ्या दिवशी वांगी नेऊन दिली. तक्रार झाली नाही. ओल्या वालाच्या शेंगा तिखट-मिठाचं पाणी घालून मडक्यात वाफवल्या तेव्हा बाबा पोटभर जेवले आणि म्हणाले, "तुजी आई यंदा कशी शेतावर आली नाय?" मी म्हटलं, माहेरी गेलेय. ते हसले.

उन्हाळा लागला तशी मी वर हिरवी जाळी बांधली. गवार, चवळी, काकडी. संपलेल्या झाडांची खोडं, वाळका पाला, नारळाच्या झावळ्या बाबा गोळा करून टाकीखाली नीट रचून ठेवायचे. पूजेच्या दुकानातून होमासाठी आणलेल्या गोवऱ्याही घरातून वर गेल्या. मला वाटलं, नीटनेटकेपणा आलाय. मला आनंदच झाला. माणूस विसरत चाललाय म्हणतात, आणि हा माणूस पुढच्या हंगामाची तयारी करतोय!

पुढच्या हंगामाचीच तयारी होती ती. आमच्याकडे भाताचं रोप टाकायचं तर आधी राब भाजतात. वैशाखात, पावसाच्या आधी. रोपाच्या जागेवर शेण-गोवऱ्या पसरायच्या, त्यावर झावळ्या, पालापाचोळा, वर बारीक माती, आणि वाऱ्याच्या उलट्या बाजूने पेटवायचं. गवताचं बी जळतं, किडा मरतो, राख मातीला मिळते. राब नाही भाजला तर त्या वर्षी पेरूच नये, असं बाबांचं म्हणणं. लहानपणी वैशाखात आमचा सगळा गाव धुरकट असायचा आणि शाळेच्या फ्रॉकलाही तोच वास. ते मला पाठ होतं. पण गच्चीवर कोणाला आठवतं हो?

त्या दिवशी मी ठाण्याला भावाकडे गेलेले. पिशवीत वांगी, गवार, लाल माठाची जुडी आणि एक काकडी, मुद्दाम. म्हटलं, पावसाळा तोंडावर आलाय, आता तूच बघ. घरी कामवाली बाई होती, बाबा जेवून खुर्चीत डुलकी घेत होते. भावाने वांगं हातात घेतलं. देठाचे काटे बोटाला लागले तरी सोडेना. "बाबांनी लावलं?" म्हणाला. म्हटलं, लावलं, वाढवलं, आणि मला शिव्या देऊन तोडायला लावलं. तो हसला. त्याचे डोळे भरून आले होते, त्याने ते लपवलंही नाही. म्हणाला, "राहू दे मग. मी त्या केंद्रवाल्यांना नाही म्हणून सांगतो. माझंच चुकलं." मी आयुष्यात इतकी सुखावले नव्हते. वहिनीने चहा टाकला. तेवढ्यात माझा फोन वाजला. सेक्रेटरी होते.

आमच्या भागात धूर दिसला की लोक आधी केमिकलच्या कंपन्यांकडे बघतात. त्या दिवशीही म्हणे सगळे खिडकीतून तिकडेच बघत राहिले, आणि धूर आमच्याच जिन्यातून खाली आला. कामवाली भांडी घासत होती. बाबांनी खिळ्यावरची गच्चीची किल्ली घेतली, देवापुढची काडेपेटी घेतली आणि वर जाऊन शास्त्रशुद्ध राब भाजला. गोवऱ्या, झावळ्या, पाला, वर माती. वारासुद्धा बरोबर बघितला असणार. पण खाली थर्माकोल होतं, वर जाळी होती, शेजारी प्लास्टिकची टाकी. थर्माकोलचा काळा धूर सेक्रेटरींच्या घरात भरला. त्यांची आई दम्याची. तिला दोघांनी खुर्चीत बसवून जिन्याने खाली आणली तेव्हा तिचे ओठ निळे पडले होते. ती वाचली. आठवडाभर हॉस्पिटलात होती, पण वाचली.

आम्ही पोचलो तेव्हा टाकी एका बाजूने वितळून वाकलेली, तिचं पाणी जिन्यावरून वाहत होतं, आग त्यानेच विझली. सगळे ड्रम आक्रसलेले, वांगी शिजून लोंबत होती. आणि मधोमध बाबा. भुवया जळलेल्या, उजवा तळवा फोडांनी भरलेला. त्यांनी मला बघितलं आणि बघताक्षणी ओळखलं, नावाने हाक मारली. कित्येक महिन्यांनी नावाने! भावालाही ओळखलं. म्हणाले, "आलास? बरा आलास. बघ, राब कसा मस्त भाजलाय. आता पाऊस आला का पेरू." इतका आनंदी चेहरा मी त्यांचा आई असतानासुद्धा बघितला नव्हता. भाऊ ओल्या राखेत खाली बसला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून हुंदके द्यायला लागला.

सोसायटीची मीटिंग झाली. मी भांडायच्या तयारीने गेलेले, पदर खोचूनच. पण सेक्रेटरी ओरडले नाहीत. हात जोडून म्हणाले, "ताई, मी त्यांना काही बोलत नाही. पण माझी आई गेली असती." यावर काय भांडणार? कोणाशी? शिव्या घालायला एक तरी वाईट माणूस समोर हवा होता, तो मिळाला नाही. मी मान खाली घालून घरी आले आणि बाबांचे कपडे घड्या करायला घेतले.

बाबांना सांगितलं, गच्चीचं काम काढलंय, यंदा घर गळणार, पावसाळाभर दुसरीकडे राहायचंय. त्यांनी लगेच मान हलवली. गळक्या घरात पावसाळा काढू नये, हे त्यांना कळत होतं. फक्त गाडीत बसताना विचारलं, "मंग मना कवा नेशील?" मी म्हटलं, "पाऊस सरला की." ते म्हणाले, "कापनीला ने पन." मी हो म्हटलं.

ते केंद्र स्वच्छ आहे. खोटं कशाला बोलू? मुली प्रेमळ आहेत, वेळेवर जेवण देतात, अंघोळ घालतात. पण खिडक्यांना दुधी काच आहे आणि त्या कायमच्या बंद. आधी एक आजोबा खिडकीतून बाहेर गेले होते म्हणून. दिवसभर ट्यूब चालू. मी एक कुंडी आणू का म्हणून विचारलं, तर म्हणाले, नको, इथले काही पेशंट माती खातात. बरोबरच आहे त्यांचं. सगळ्यांचंच सगळं बरोबर आहे, हीच तर गोची आहे.

मी दर रविवारी जाते. बाबांना मी कधी आठवते, कधी नाही. पण एक गोष्ट मात्र ते विसरत नाहीत. मी दारात दिसले की विचारतात, "पाऊस सरला का गं बाय?" श्रावणात काही प्रश्न नव्हता, मी भिजूनच जायचे. मग गणपती झाले, नवरात्र झालं, आकाश निरभ्र झालं. मी म्हणत राहिले, "पडतोय बाबा अजून." सरला म्हटलं की न्यावं लागणार. कुठं नेणार होते मी? सोसायटीने गच्चीला कुलूप लावलंय आणि बाबांना परत आणणार नाही असं मी लिहून दिलंय. एकदा त्यांनी माझा पदर चाचपला आणि म्हणाले, "कोरी हायेस तू." त्यानंतर मी छत्री न्यायला लागले. केंद्राच्या गेटाशी नळ आहे. तिथं छत्री उघडायची, नळाखाली धरायची, पदराची कड भिजवायची, आणि निथळती छत्री घेऊन वर जायचं. वॉचमन आधी टकामका बघायचा. आता तोच नळ सोडतो.

संक्रांत झाल्यावर गेले. कडाक्याची थंडी, भिजलेल्या पदराने दात वाजत होते. बाबा पलंगावर बसलेले, नेहमीपेक्षा शांत. मी छत्री कोपऱ्यात ठेवली, खाली पाण्याचं थारोळं झालं. त्यांनी ते बघितलं. "अजून परतंय?" विचारलं. मी म्हटलं, "हो बाबा. थांबतच नाही."

त्यांनी बोटांवर काहीतरी मोजलं. मग हळूच म्हणाले, "मंग भात कुजला असंल."

शेतकऱ्याला पाऊस सांगताना त्याचं भात उभं असतं, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. बरोबर हिशेब होता त्यांचा. इतके महिने मी पाऊस पाडत होते, मग भात राहील कसं? ते माझ्याकडे बघत होते, काहीतरी चांगलं सांगेन म्हणून. भात वाचलं म्हणायचं तर पाऊस सरलाय म्हणायला हवं होतं.

"हो बाबा," मी म्हटलं. "सगळं गेलं."

त्यांचा चेहरा एकदम म्हातारा झाला. डोळ्यांतून पाणी आलं, पण आवाज नाही केला. फोडांचे डाग असलेला हात त्यांनी माझ्या डोक्यावरून फिरवला. "तू रडू नको," म्हणाले. "मंग मना आता नेव नको घरा. घरान दाना नसंल, तुमीच काय खानार? मना इथं जेवाला देतात."

मग त्यांनी दाराकडे बघितलं, कोणी नाही ना म्हणून, आणि उशीखालून सकाळची अर्धी चपाती काढली. कडक झालेली. माझ्या हातावर ठेवली आणि माझी मूठ मिटली. "खा," म्हणाले. "उपाशी हायेस तू."

मी त्यांच्यासमोर बसून ती सगळी खाल्ली.